दोन नंबरच्या कंप्रेसरची पट्टी

टोनी तुस्कानोचे कान तुम्ही घालवलेत. गोल गोल बोलण्यात अर्थ नाही, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. तुमचं नाव इथे लिहायचं नाही. तुमचा देशही नाही, कारण देश लिहिला की लोक देशाला शिव्या घालतात आणि खुर्चीतला माणूस अलगद सुटतो. तुम्ही त्या कंपनीतल्या साहेबाच्या खुर्चीत होतात. तुमच्या हाताखाली कंप्रेसर होते, कंप्रेसरपाशी माणसं होती, आणि माणसांच्या डोक्याला कान असतात हे तुम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी तुम्ही त्यांना फिट म्हणत राहिलात. का, ते शेवटी विचारायचंच आहे. आधी काय झालं ते ऐका. तुम्हाला ऐकू येतं.

सन दोन हजारची गोष्ट. टोनी तेव्हा दोह्याच्या वर, अल खोरला, कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचा. घरात बायको जसिंता, ती नर्स, आणि नववीतली मुलगी आंद्रिया. पहाटे कंपनीची बस त्याला रास लफानच्या गॅस प्लांटवर न्यायची आणि अंधार पडता पडता परत आणून टाकायची. मधला सगळा दिवस दोन नंबरच्या कंप्रेसरपाशी. त्याआधी बरीच वर्षं उम्म सईदला दुसऱ्या कंपनीत हेच काम केलेलं. जागा बदलली, पगार वाढला, गोंगाट तोच. कानात घालायचे पिवळे स्पंजचे बोळे महिन्यातून एकदा मिळायचे. चार दिवसांत त्यांचा चिवडा व्हायचा. नवे मागितले की स्टोअरवाला म्हणायचा, "स्टॉक खलास. कापूस घाल." टोनी कापूस घालायचा.

वसईत टोनीचा बाप पास्कू बँडमास्तर होता. कॉर्नेट, म्हणजे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, वाजवायचा. लग्नात वाजवायचा तसाच मयतीतही, शवपेटीच्या पुढे पुढे चालत, घरापासून चर्चपर्यंत. बँडची एक रीत होती. मास्तर आधी सूर लावणार, मग बाकीचे त्याच्यावरून आपलं वाद्य लावणार. मास्तराला सूर सांगायचा नाही. चुकला तरी नाही. त्याच्या मागून जायचं. टोनीच्या वाट्याला कॉर्नेट आलं नाही, चर्चच्या कॉयरमधलं व्हायोलिन आलं, पण रीत तीच आली. दोह्यात आपली माणसं जमून गाऊ लागली तेव्हा सगळ्यांत जुना वाजवणारा टोनी होता. म्हणून सूर त्याचा.

कंपनीत बिल नावाचा एक अमेरिकन इंजिनियर होता. शुक्रवारी समुद्रावर टोनीचं व्हायोलिन ऐकत बसायचा. त्याच्या देशात न्यू ऑर्लीन्स नावाचं गाव आहे, तिथेही मयतीला बँड असतो, हे त्यानेच टोनीला सांगितलं. जाताना रडत रडत वाजवतात, परत येताना नाचत नाचत.

टोनी म्हणाला होता, "आमच्याकडेही बँड असतो साहेब. येताना नाचत नाहीत एवढंच. येताना ताडी पितात."

बिल पोट धरून हसला होता. परत जाताना त्याने टोनीला अमेरिकेचा रस्त्यांचा नकाशा दिला. वरून खाली, नदीला धरून जाणारा रस्ता. त्यावर लाल पेनाने गोल केलेले. शिकागोतले क्लब. मेम्फिसमधला एक जुना स्टुडिओ. कापसाच्या शेतांमधला एक चौक, जिथे म्हणे गिटारवाले रात्र रात्र बसायचे. आणि अगदी तळाला, समुद्राच्या तोंडाशी, न्यू ऑर्लीन्सची ती गल्ली. बिलने सांगितलं होतं की तिकडे अशा प्रत्येक जागी पाटी असते, इथे अमक्याने पहिलं गाणं म्हटलं, इथे तमक्याने. लोक गाड्या घेऊन पाट्या शोधत हिंडतात.

टोनीने तो नकाशा बेडरूमच्या भिंतीवर लावला. जायचं कधीतरी, एवढंच तेव्हा मनात होतं.

मग घरातल्या गजराच्या घड्याळाची टिकटिक गेली. चिमण्या गेल्या. आंद्रिया मागून हाक मारायची आणि हा पुढे चालत राहायचा. ती चिडायची, "पप्पा, यू नेव्हर लिसन!" त्याला वाटायचं पोरगी हळू बोलते. गेलेल्या आवाजांच्या जागी कानात एक शिट्टी आली. बारीक, सरळ, न थांबणारी. जेवताना, झोपताना, मिस्सेची प्रार्थना चालू असताना. जसिंताने त्याला हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भला माणूस. स्पष्ट बोलला. गेलं ते परत येणार नाही. वरचे आवाज आधी जातात, मग मधले, मग खालचे. त्या गोंगाटातून बाहेर पडलात तर उरलेलं टिकेल. नाहीतर जे ऐकायचं ते लवकर ऐकून घ्या.

टोनीने बदली मागितली. स्टोअरला द्या, ऑफिसला द्या, गेटवर बसवा. तुम्ही म्हणालात, "बघू."

तुमच्याकडे दरवर्षी कानाची तपासणी होती. माणसाला काचेच्या खोपटात बसवायचं, हेडफोन लावायचा, आवाज आला की बटन दाबायचं. खोपटाचं दार लागत नव्हतं, बाहेरचा एसी आत घरघरायचा. तुमचा कंपाउंडर काचेवर टकटक करून खुणेने सांगायचा, दाबा हो अधूनमधून. आणि माणसं दाबायची. ऐकू आलं तरी दाबायची, नाही आलं तरी दाबायची, कारण अनफिट म्हणजे बदली नव्हे, अनफिट म्हणजे विमानात बसून घरी. टोनीनेही दाबलं. पोरीची शाळा होती, गावच्या घराचा स्लॅब अर्धा होता. एकेका शिफ्टची सगळीच्या सगळी माणसं फिट. तुम्हाला कधी नवल वाटलं नाही?

बदलीचं काही होत नाही म्हटल्यावर जसिंताच म्हणाली, "मग भिंतीवरचा नकाशा खाली काढ. ऐकू येतंय तोवर जाऊन येऊ."

रजा जानेवारीत मंजूर झाली. तीन आठवडे, एप्रिलमध्ये. व्हिसा मिळाला. शिकागोत जसिंताची मावसबहीण होती, तिने गाडीची सोय केली. टोनी शिट्टीच्या वरताण व्हॉल्यूम लावून कॅसेट ऐकायचा, कॉर्नेट अजून येतंय का ते बघायचा. यायचं. काठ झिजलेल्या नाण्यासारखं, पण यायचं. न्यू ऑर्लीन्सच्या गल्लीत एक मयत सापडली पाहिजे, तो म्हणायचा. देवा माफ कर, पण कोणीतरी मेलं पाहिजे.

जायच्या दहा दिवस आधी तुम्ही त्याला बोलावलंत. शटडाउन, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती, अलीकडे आलाय. सगळ्यांच्या रजा रद्द. व्हिसाचं काम झाल्यावर पासपोर्ट पुन्हा तुमच्याच तिजोरीत गेला होता आणि देशाबाहेर जायला तुमची सही लागायची, म्हणजे प्रश्नच मिटला. टोनीने तुम्हाला सांगितलं. कान सांगितले, डॉक्टर सांगितला, सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कोणापुढे हात जोडले. तुम्ही हसून म्हणालात, "टोनी, पुढच्या वर्षी जा. अमेरिका कुठे पळून जातेय?"

अमेरिका पळत नव्हती हो.

घरी आल्यावर त्याने नकाशाची घडी घातली. जसिंता स्वयंपाकघरात फुग्यांचं, तळायच्या गोल पावांचं, पीठ मळत होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात तसेच पिठात राहिले. थोड्या वेळाने ती त्याच्या उजव्या कानाशी आली, तो कान जरा बरा होता.

"शुक्रवारी सुट्टी आहे की तीही खाल्ली?"

"आहे."

"मग शुक्रवारी गाडी काढ. हितंच जाऊ."

"हितं काय आहे?"

"शिकागो म्हणजे अल खोर. मेम्फिस म्हणजे दोहा. खाली अल वक्रा, समुद्र आहेच. रस्ता वरून खालीच जातो ना? तुझा नकाशा तरी काय वेगळा आहे?"

"वेडी झालीस काय गे?"

"मी वेडी. तू शहाणा, म्हणून हात जोडून आलास."

टोनीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

गाडी तरी अमेरिकनच होती. जुनी कॅप्रिस, लांबलचक, बोटीसारखी हलणारी. शुक्रवारी सकाळी मागच्या सीटवर व्हायोलिनची पेटी, फुग्यांचा डबा, बाटली मसाल्यातलं चिकन आणि तोंड वाकडं करून बसलेली आंद्रिया. टोनीने नकाशा डॅशबोर्डवर उलगडून ठेवला. नकाशात शिकागो आणि काचेबाहेर वाळू.

पहिला थांबा अल खोरच्या बाहेर, जुन्या कॅंपची जागा. या कंपनीत लागून टोनी आधी एकटा आला होता तेव्हा तिथे पत्र्याच्या खोल्या होत्या. तिथल्या खानावळीत त्याने पहिल्या नाताळला वाजवलं होतं आणि सगळ्या धर्माची माणसं ताटं बडवत बसली होती. आता खोल्या नव्हत्या. खानावळ नव्हती. संडासाचा सिमेंटचा ओटा तेवढा उरला होता. टोनी त्या ओट्यावर जाऊन उभा राहिला.

"पाटी कुठं लावू?" त्याने विचारलं. "इथे टोनी तुस्कानो वाजवायचा आणि मुतायचा."

"पप्पा!" आंद्रिया म्हणाली, पण हसली. खाली उतरून तिने बापाचा त्या ओट्यावरचा फोटो काढला.

मग सरळ रस्ता. आरशात मागे रास लफानच्या ज्वाळा. दोन्ही बाजूंना काही नाही. जसिंताने कॅसेट लावली. टोनीने आवाज वाढवला, आणखी वाढवला, शेवटी आंद्रियाने कानांवर हात ठेवले. ते त्याला आरशात दिसलं. त्याने कॅसेट बंद केली आणि दोहा येईपर्यंत पुन्हा लावली नाही.

दोह्यातल्या फरीज बिन ओमरान वस्तीत लॉयड परेराचा तळमजल्यावरचा फ्लॅट. लॉयड गिटार वाजवायचा, एका ऑफिसात अकाउंट्स बघायचा, आणि टोनीचा वसईपासूनचा मित्र. तेव्हा इथे चर्च नव्हतं. माणसं कोणाच्या तरी घरी जमायची. कॉयरची प्रॅक्टिस लॉयडच्या हॉलमध्ये व्हायची, खिडक्यांना गाद्या टेकवून, आवाज रस्त्यावर जाऊ नये म्हणून. पहिलं गाणं तिथेच झालं होतं, अशाच एका शुक्रवारी. उकाड्याने सगळ्यांचे शर्ट अंगाला चिकटलेले, आणि गाणं संपल्यावर कोणी कोणाकडे बघेना, कारण सगळे रडत होते. जसिंताच्या मते ही जागा म्हणजे मेम्फिसचा स्टुडिओ.

"या, या टुरिस्ट मंडळी," लॉयडने दार उघडलं. "म्युझियमचं तिकीट काढलंत काय?"

"तिकिटाऐवजी फुगे आणलेत," जसिंता म्हणाली.

हॉलच्या कोपऱ्यात एक पियानो होता. आधीचं गोरं कुटुंब जाताना सोडून गेलेलं. पहिली वर्षं कॉयर त्यावरच गायची. गेलं वर्षभर त्यावर चादर होती आणि चादरीवर मारियाबायचा पुतळा. लॉयड सांगायचा की आतल्या पट्ट्या फुगल्यात.

टोनी आज पाटी लावायला निघालेला माणूस. त्याने पुतळा अलगद उचलून टेबलावर ठेवला. चादर काढली.

"अरे राहू दे," लॉयड म्हणाला. टोनीने ऐकलं नाही, म्हणजे खरोखरच ऐकलं नाही. झाकण उघडून त्याने एक पट्टी दाबली. बोटाखाली ती नीट खाली गेली, नीट वर आली. दुसरी दाबली. फुगलेलं काही नव्हतं. आवाज त्याला लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा येत होता, पण येत होता.

"चांगला आहे की रे हा!" तो म्हणाला आणि व्हायोलिन काढलं. नेहमीसारखं लावून घेतलं. खालच्या तारा लागल्या. वरची तार तो नेहमी शेवटी लावायचा. ती खुंटी पिळत जायची, पिळत जायची, आणि एका जागी येऊन कानातली शिट्टी विरघळून जायची. शांत. डोक्यात काही म्हणजे काही नाही. त्या शांततेसाठीच गेलं वर्षभर तो व्हायोलिन हातात घेत होता, हे त्याने जसिंतालाही सांगितलं नव्हतं. शांत झालं की सूर लागला, हे त्याने धरून ठेवलं होतं. मग बाकीच्या तारा तो त्या तारेवरून पुन्हा लावायचा.

आजही तशा लावल्या. लॉयडला म्हणाला, "तू पियानोवर धर. ते पहिलं गाणं."

लॉयड जागचा हलला नाही. आंद्रिया काहीतरी बोलली. टोनीला तिचे ओठ दिसले, लॉयडने तिच्याकडे डोळे वटारले ते दिसलं.

"काय म्हणाली?"

लॉयड गिटारची धूळ पुसू लागला.

"आंद्रिया, काय म्हणालीस?"

ती पुन्हा बोलली, या वेळी ओरडून. पोरीचे डोळे भरले होते. तिचा बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. त्या घरात तो एकटाच असा होता ज्याला ते कळलं नव्हतं. जसिंता उठली, त्याच्या उजव्या कानाशी आली, आणि जे होतं ते सांगितलं.

"ती म्हणतेय, तुझा सूर चढा लागतो. पियानोला जुळत नाही. सगळ्यांना माहीत आहे."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

टोनीने लॉयडकडे पाहिलं. "मग तुम्ही वाजवता कसे माझ्याबरोबर?"

लॉयडने मान वर केली. तो मोठ्याने बोलला, एकेक शब्द तोडून, पाहुण्याशी बोलावं तसा. "आम्ही तुझ्यावरून लावतो. तू लावलंस की आम्ही सगळे गिटारी वर चढवतो. पोरी तेवढ्या वर गातात."

"गळे फाटत नाहीत त्यांचे?"

"फाटतात."

"आणि पियानो?"

"पियानो चढवता येत नाही. म्हणून झाकला."

"बोलला का नाहीस, साल्या?"

"पास्कूमास्तराला कोणी बोललं होतं?" लॉयड म्हणाला. "शेवटी दात पडले होते त्याचे, फुंकर कुठल्या कुठे जायची. तुझ्या आयशीच्या मयतीला सगळा बँड त्याच्यामागून बेसूर गेला. तू पण होतास. तू बोललास?"

टोनी खाली बसला. मांडीवर व्हायोलिन. त्याने अंगठ्याने वरची तार छेडली. शिट्टी गेली. पुन्हा आली. पुन्हा छेडली. आणि मग त्याला कळलं. ही शिट्टी त्याच्या ओळखीची होती. डोळे बांधून उभं केलं तरी त्याने ओळखली असती. दोन नंबरचा कंप्रेसर पूर्ण लोडवर आला की जी बारीक किंकाळी धरतो, ती. शिफ्टभर धरून ठेवतो, ती. तो सूर त्याच्या डोक्यात जाऊन बसला होता. टोनी त्या सुरावर व्हायोलिन लावत होता, व्हायोलिनवरून गिटारी लागत होत्या, गिटारींवरून पोरींचे गळे. नाताळ त्याच पट्टीत झाला. ईस्टर त्याच पट्टीत झालं. लॉयडच्या थोरल्या भावाची इथल्या हॉस्पिटलच्या दारातून शवपेटी निघाली, तेव्हा हळू आवाजात म्हटलेलं गाणंही त्याच पट्टीत.

"हा सूर माझा नाही," तो म्हणाला. बाकीच्यांना वाटलं की तो वाईट वाटून बोलतोय. जसिंताला तेवढं कळलं. ती कंप्रेसर कधी बघायला गेली नव्हती, पण नवऱ्याला रात्री झोपेत दात आवळून कुठल्यातरी आवाजाशी भांडताना पाहिलं होतं.

फुगे कोणी खाल्ले नाहीत.

परत फिरू या, टोनी म्हणाला. जसिंता म्हणाली, नाही. न्यू ऑर्लीन्स राहिलंय. खलील वाट बघत असेल.

खलील सुर्वे रत्नागिरीकडचा, दाभोळचा. जुन्या कॅंपात टोनीच्या वरच्या खाटेवर झोपायचा. आता अल वक्र्याला बोटींच्या सामानाच्या दुकानात होता, बायको हजराला घेऊन आला होता. त्याच्या दुकानामागे एक जुनं घर होतं. तिथे शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर म्हातारे जमायचे, पूर्वी मोती काढायला जाणारे. बोटीवरची गाणी म्हणायचे. जसिंता आणि आंद्रिया हजराकडे आत गेल्या. टोनीला खलीलने घराच्या ओसरीत नेलं.

"काय वो टोनीभाय, तोंड कशाला उतरवलाव? गाना आयकूक इलाव ना?"

"ऐकू येतंय कुठं मला."

"ता बरा. ह्ये म्हातारे काय लय गोड गात नाय."

भिंतीला टेकून पाचसहा म्हातारे. मधे एक मोठा ढोल, दोन मातीचे माठ. टोनीला त्यांनी जागा करून दिली, खजूर दिले, छोट्या कपात कावा, म्हणजे अरबी कॉफी, दिली. एकाने गाणं उचललं. तो उंच आवाज टोनीला आलाच नाही, नुसतं हलणारं तोंड दिसलं. त्याला वाटलं, इथेही तेच. मग बाकीच्यांनी तोंड मिटून खालून गुंजायला सुरुवात केली. माणसाच्या गळ्यातून निघेल असं वाटणार नाही इतकं खाली. ढोलाच्याही खाली. तो आवाज कानात आला नाही, पाठीला टेकलेल्या भिंतीतून आला, बुडाखालच्या चटईतून आला, छातीच्या पिंजऱ्यात येऊन उभा राहिला. शिट्टी होतीच, पण तिच्या खाली आता काहीतरी होतं. टोनीने डोळे मिटले. किती वेळ, त्याला कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा कपातला कावा गार झाला होता आणि दाढी ओली होती.

ढोलवाला म्हातारा त्याच्याकडे बघत होता. त्याला सगळे बू राशिद म्हणत. त्याने स्वतःच्या कानाकडे बोट केलं, मग टोनीच्या कानाकडे. खलील त्याचं अरबी टोनीला आणि टोनीचं त्याला मोठ्याने सांगू लागला.

"म्हणतो, माझे पन गेले. दोनी. पोरगा होतो तेव्हा बुडी मारून मारून पडदे फाटले. रक्त यायचा. दर्याने नेले म्हणतो."

टोनीने मान हलवली.

"विचारतो, तुझे कोनी नेले?"

टोनीने कप चटईवर ठेवला. मग म्हणाला, "कंपनीने."

खलीलने सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकायला तोंडाकडे निरखून पाहिलं, आणि हसला. दात नसलेलं हसू. काहीतरी लांबलचक बोलला आणि पुन्हा ढोल मांडीवर ओढला.

"काय म्हणाला?"

"म्हणतो, मी दर्याला काय विचारणार? दर्याला तोंड नाय. नाखवा मेला, बोट सडली. तुझ्या मालकाला तोंड हाय ना?" खलीलने आपल्या पदरचं जोडलं, "आनि रोज नाश्टा करतो तो त्या तोंडाने."

परत येताना टोनी गाडी चालवत होता. नकाशा डॅशबोर्डवरून खाली घसरला होता, तो कोणी उचलला नाही. अल खोर जवळ आलं तेव्हा आंद्रिया मागून पुढे वाकली आणि बापाच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन, चक्क मराठीत म्हणाली, "पप्पा, सॉरी. मी ओरडायला नको होतं."

"तू ओरडलीस म्हणून कळलं, बाय."

शनिवारी सकाळी तो बसमध्ये चढला तेव्हा हातात व्हायोलिनची पेटी होती. गेटवरच्या माणसाने पेटी उघडून पाहिली, परत लावली, सोडलं. कंप्रेसरपाशी न जाता तो सरळ तुमच्या ऑफिसात आला. तुमच्या सेक्रेटरीने अडवलं. ती काय म्हणाली ते त्याला ऐकू आलं नाही, आणि या वेळी त्याने ते मुद्दामही ऐकलं नाही.

तुम्ही चहा पीत होतात. त्याने पेटी तुमच्या टेबलावर ठेवली, तुमच्या कागदांवर. व्हायोलिन काढलं. वरची तार लावली, पिळत पिळत, त्या जागेपर्यंत. आणि गज टेकवून तो एकच सूर ओढला. एकच. थांबला नाही. तुमच्या काचेबाहेर माणसं जमली. हेल्मेट घातलेली, कापूस घातलेली. त्यांच्यातल्या कितीजणांना तो सूर ऐकू आला देव जाणे, पण ज्यांना आला त्यांनी ओळखला. एकाने दुसऱ्याला खूण करून दोन बोटं दाखवली. दोन नंबर.

तुम्हीही ओळखलात. तुमचा चेहरा त्याने पाहिला.

मग त्याने गज खाली घेतला आणि त्याच्या साध्या, चुकतमाकत इंग्रजीत बोलला. पन्नास माणसं वर्षभर देवाचं गाणं या पट्टीत गात होती. ही पट्टी माझ्या बापाची नाही, माझ्या देवाची नाही, ही तुमच्या मशीनची आहे. ती माझ्या डोक्यात तुम्ही घातलीत. आता सांगा, मला फिट का म्हणत राहिलात?

तुमचे ओठ हलले. काय म्हणालात ते त्याला कळलं नाही. वय म्हणालात? शटडाउन म्हणालात? पुढच्या वर्षी म्हणालात? त्याने उजवा कान तुमच्याकडे वळवला आणि म्हणाला, "लाउडर, सर."

तुम्ही दाराकडे बोट केलंत.

पुढे तुम्ही त्याचं काय केलंत ते तुम्हाला माहीत आहे आणि टोनीलाही. त्याचं रडगाणं इथे गायचं नाही. न्यू ऑर्लीन्स त्याने पाहिलं नाही, आणि आता कोणी फुकट नेलं तरी जाणार नाही. लॉयडच्या हॉलमधल्या पियानोवरची चादर कायमची निघाली. टोनी आता खालच्या दोन तारांवरच वाजवतो, सूर लॉयडकडून घेतो, पाठ भिंतीला टेकून.

पण त्या सकाळी त्याने जो प्रश्न विचारला, तो तुमच्या टेबलावर तसाच पडून आहे. बोळे मिळत नव्हते हे तुम्हाला माहीत होतं. खोपटाचं दार लागत नव्हतं हे माहीत होतं. माणसं न ऐकता बटन दाबतात हेही माहीत होतं. त्यांना अनफिट म्हटलं तर मशीनला आवर घालावा लागेल, नाहीतर माणसं बदलावी लागतील, म्हणून तुम्ही त्यांना फिट म्हणत राहिलात. हो की नाही?

दाराकडे बोट करू नका. तोंड आहे तुम्हाला. मोठ्याने बोला.